कानामागचा हिरवा दिवा

तीस दिवस दिवा हिरवा राहिला म्हणून शाळेनं माझ्या नातीचा सत्कार केला, आणि मी पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या. हे आधीच सांगून टाकते. पुढं मी बऱ्याच जणांना बोलणार आहे, तेव्हा सुरुवात माझ्यापासून केलेली बरी.

नात म्हणजे देवयानी. आमची देवू, वय वर्षं नऊ. तिला स्टेजवर उभं केलं आणि गळ्यात झेंडूचा ओला हार घातला. देवूला मानेला काही लागलेलं कधीच चालत नव्हतं. सदऱ्याच्या मानेला शिवलेल्या कंपनीच्या चिठ्ठीसाठी तिनं पूर्वी घर डोक्यावर घेतलेलं. आणि आता तो हार मानेला घासतोय, पाणी पाठीत उतरतंय, अन् ही उभी. खांबासारखी. कानामागं हिरवा ठिपका तेवढा चमकत होता. मुख्याध्यापिका बाई माइकवर म्हणाल्या, "बघा, केवढी ही प्रगती!" मी शेजारणीला कोपर मारून सांगितलं, "माझी नात आहे ती."

एवढी मूर्ख बाई जिल्ह्यात दुसरी नसेल.

आमचं गाव जालन्याकडं, अंबडच्या अलीकडं. घराला लागून रेशमाच्या अळ्यांची शेड. शाळा मी चौथीपर्यंत शिकले, पण अळ्या तीस वर्षं वाढवतेय. मालक गेले तेव्हा भावकीनं सांगितलं होतं, प्रयागाबाई, शेड विका, बाईमाणसाचं काम नाही. त्याच भावकीच्या पोरी आज माझ्याकडं शिकायला येतात. माझा मुलगा रामेश्वर तुतीची बाग बघतो. सून ऋतुजा शिकलेली, तालुक्याच्या कोष बाजारात कोषांची प्रत ठरवायचं काम करायची. देवू झाली, दोन-तीन वर्षांत तिचं वेगळेपण ध्यानात आलं, आणि ऋतुजानं काम सोडलं.

देवूला ऑटिझम आहे. मराठीत स्वमग्न म्हणतात. ज्यानं कोणी हा शब्द काढला त्यानं आमची देवू पाहिली नसावी. ती स्वतःत कुठं मग्न होती? तुतीचं एकेक पान हुंगून मगच ट्रेमध्ये ठेवायची. हजार अळ्या एकदम पाला खातात तेव्हा बारीक सरसर आवाज येतो, तो ऐकायला ट्रेला कान लावून तासतास बसायची. खूश झाली की दोन्ही हात फडफडवायची आणि 'हूंऽऽ' असा लांब सूर धरायची. पण मिक्सर लागला, शिट्टी वाजली, अनोळखी माणूस अंगाला लागला की किंचाळायची, चावायची, भिंतीवर डोकं आपटायची. बोलणं थोडकं, तेही स्वतःला नावानं हाक मारल्यासारखं. देवूला पाणी. देवूला नको.

तीन शाळांनी तिला परत पाठवलं. चौथ्या शाळेनं सांगितलं, 'निवांत' लावा, सोमवारपासून घेतो.

'निवांत' हे यंत्राचं नाव. दोन वर्षांत जिल्ह्यातल्या चारशे मुलांच्या कानात ते बसलं होतं. कंपनीचा माणूस, लाहोटी नावाचा, घरी आला. तिशीतला, हसतमुख. न सांगता बूट बाहेर काढले म्हणून मी त्याला चहा दिला.

"आजी, सोपं आहे," तो म्हणाला. "मेंदूतून एक लांब नस निघते. ती हृदयाला जाते, फुप्फुसाला जाते, पार पोटापर्यंत जाते. शरीर बिथरलं की त्याला शांत करायचं काम त्या नसेचं. तिची एक बारीक फांदी कानाच्या खोलगट भागात येते. आमचा हुक तिथं बसतो, दिवा कानामागं राहतो. नाडी किती पळतेय आणि कातडीला किती घाम सुटतोय, हे तो सारखं मोजतो. दोन्ही वाढायला लागलं की मूल बिथरणार हे आम्हाला मिनिटभर आधी कळतं. मग हुक त्या फांदीला मुंगी चावावी इतकाच करंट देतो. नाडी खाली, अंग सैल, मूल शांत. हिरवा दिवा म्हणजे शांत. पिवळा म्हणजे करंट चालू. लाल म्हणजे आमचं यंत्र कमी पडलं."

"म्हणजे ब्रेक."

"बरोबर! आणि हा ब्रेक शिकतो. मूल कशानं बिथरतं ते महिनाभर बघतो, आणि पुढच्या महिन्यात आणखी लवकर लागतो. पिवळा दिसतही नाही मग."

"आणि गाडीत बसलेल्याला कुठं जायचं होतं, ते कोण बघतं?"

"सासूबाई भारी आहेत हं तुमच्या!" तो हसून ऋतुजाला म्हणाला, आणि फॉर्म तिच्यापुढं सरकवला.

प्रश्न मी विचारला होता. उत्तर न घेता कपबशी उचलून आत गेलेही मीच.

खोटं कशाला बोलू, पहिले दोन महिने घरात सणासारखे गेले. देवू गाडीत बसून शाळेला जायची. ऋतुजा पुन्हा कोष बाजारात जायला लागली. आम्ही चौघं मिळून एका लग्नाला गेलो, बँड वाजत असताना पंगतीत बसून जेवलो. रामेश्वरनं दुसऱ्यांदा भात घेतला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. सहा वर्षांत त्यानं बाहेर पोटभर खाल्लं नव्हतं.

मग एकेक गोष्ट गळत गेली. देवू पान हुंगेना. ट्रेला कान लावेना. सूर बंद, हात खाली. ताटात वाढलं तर चार घास खायची, नाही वाढलं तर मागायची नाही. शाळेतल्या बाईंना विचारलं, तर म्हणाल्या, "अशा मुलांचं एखाद्या गोष्टीचं वेड असंच अचानक जातं." गावच्या डॉक्टरला विचारलं, "जेवत नाही हो." तो म्हणाला, "ऑटिझममध्ये खाण्याच्या तक्रारी असतातच." झोपत नाही? ऑटिझम. केस उपटते? ऑटिझम. मला वाटतं, ती विहिरीत पडली असती तरी यांनी काठावर उभं राहून ऑटिझमच म्हटलं असतं.

एका दुपारी मी तिला शेडमध्ये बोलावलं. "देवू, पाला टाक बरं."

"देवूला पाला नको."

"अळ्यांना टाकायचाय, बाई."

"देवूला पाला नको," ती पुन्हा म्हणाली. आणि जमिनीकडं बघत, "देवूला उठायचं नाही."

"उभीच तर आहेस की."

"उद्या. उद्या उठायचं नाही. कधीच नाही."

मी मोबाइलवर कंपनीचं ॲप उघडलं. दिवा हिरवा. सकाळपासून हिरवा. खाली हसऱ्या सूर्याचं चित्र आणि त्याखाली ठसठशीत अक्षरात लिहिलेलं, 'तुमचं मूल आज आनंदी आहे.'

ही चूक मी आधी एकदा केली होती.

अळी तिच्या आयुष्यात चारदा कात टाकते. कात टाकायच्या आधी खाणं सोडते आणि डोकं वर करून गप्प बसते. आम्ही म्हणतो, झोपेला बसली. तेव्हा पाला घालायचा नसतो. वरून चुना धुरळायचा आणि तिला आपली आपण राहू द्यायची. तेरा वर्षांमागं अख्खी बॅच अशी गप्प झाली. मी म्हटलं, झोपेला बसल्या. चुना टाकला, पाला बंद केला, दार ओढून घेतलं. त्या झोपल्या नव्हत्या. शेजारच्या कपाशीवरचं औषध वाऱ्यानं माझ्या तुतीवर आलं होतं. झोपेतल्या अळीचं डोकं वर असतं. यांची डोकी खाली पडलेली. ते मी वाकून पाहिलंच नाही. शेडमधला मीटर ऊब बरोबर, ओल बरोबर, सगळं बरोबर दाखवत होता, मग वाकायचं कशाला? दुसऱ्या दिवशी घमेल्यांनी भरून बाहेर टाकल्या.

आता माझ्यासमोर पोर उभी होती, मान पडलेली. आणि आम्ही घरातल्यांनी काय केलं होतं? शांत आहे, राहू द्या, म्हणून तिच्याशी बोलणंच कमी केलं होतं. वरून चुना टाकायचा तेवढा बाकी होता.

रविवारी अंघोळीसाठी हुक काढला, तेव्हा तो मी घेतला, शेडमध्ये गेले आणि माझ्या कानात बसवला. मग अंगात राग यावा म्हणून मी मुद्दाम मोठ्या दिराला मनात आणलं. मालकांच्या तेराव्याला ज्यानं माझ्या हातातून शेडची किल्ली हिसकली होती, तो. त्याचं नाव निघालं की आजही माझी मूठ वळते. या वेळी कानात मुंगी चावली. पुन्हा चावली. आणि मूठ वळेना. राग गेला म्हणाल, तर नाही. होता, राखेतल्या निखाऱ्यासारखा छातीत तसाच होता. पण तो हातात येईना, जिभेवर येईना. ओरडावंसं वाटत होतं आणि ओरडण्याचं बळच कोणी काढून नेलं होतं. डोळ्यांतून पाणी गळत होतं. मोबाइलवर दिवा हिरवा, आणि सूर्य हसतोय.

पाच मिनिटांत मी तो काढून फेकला. माझी देवू सात महिने रोज नऊ तास तो घालत होती.

"उद्यापासून हे यंत्र तिच्या कानात जाणार नाही," मी घरात येऊन सांगितलं.

ऋतुजा भाकरी थापत होती. हात थांबले. "आणि शाळा?"

"गेली शाळा खड्ड्यात."

"तुम्हाला म्हणायला काय जातं, आत्याबाई?" सुनेनं इतक्या वर्षांत माझ्यापुढं पहिल्यांदा आवाज चढवला. "तुम्ही दिवसभर शेडमध्ये. सहा वर्षं चार भिंतींत तिच्याबरोबर मी होते. माझ्या दंडाचं मांस तिनं तोडलंय, लोकांनी मला तोंडावर विचारलंय, काय पाप केलं होतंस म्हणून. तेव्हा कुणी आलं नाही. आता पोर शांत आहे, मी जरा माणसांत आलेय, तर तुम्हाला तिचं ओरडणं परत हवंय?"

खरं होतं ते. तिच्या दंडाकडं मी कधी नीट पाहिलंही नव्हतं. तरी मी देवूचे शब्द तिला जसेच्या तसे सांगितले. उठायचं नाही. उद्या नाही. कधीच नाही.

तव्यावरची भाकरी जळाली. दोघींनीही ती उलटली नाही.

"एकदा दाखवू मोठ्या डॉक्टरला," शेवटी ती म्हणाली. "ते सांगतील ते करू. पण मग तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

संभाजीनगरला डॉक्टर सबा काझी म्हणून बाई आहेत, लहान मुलांच्या मनाच्या डॉक्टर. त्यांनी देवूला हसऱ्या-रडक्या तोंडाची चित्रं दाखवली. देवूनं बघितलंही नाही. मग बाईंनी ऋतुजाला विचारलं, "घरी ती कोणत्या शब्दांत बोलते?" मला मध्ये बोलायचं नव्हतं, तरी बोलले. अळ्यांचं सगळं सांगितलं. बाई खुर्चीवरून उठून खाली फरशीवर बसल्या, देवूपासून दोन हात लांब, आणि फरशीकडं बघतच म्हणाल्या, "देवूला पाला कधीपासून नको?"

देवूनं उत्तर दिलं. "शाळेपासून."

"आणि झोपेतून उठायचं नाही असं रोज वाटतं?"

"रोज."

ऋतुजानं पदर तोंडात कोंबला.

देवूला बाहेरच्या खोलीत रामेश्वरकडं देऊन बाईंनी आम्हाला सांगितलं, "हिला डिप्रेशन आहे. मन खचलंय तिचं."

"ऑटिझममुळं?" ऋतुजानं विचारलं.

"ऑटिझम आहे, आणि डिप्रेशनही आहे. दम्याच्या पेशंटचा हात मोडला तर आपण त्याला दमाच म्हणत बसतो का? अशा मुलांना उदासी, भीती इतरांपेक्षा जास्तच गाठते. पण कुणी तपासत नाही. सगळे म्हणतात, हिचं असंच असतं." आता बाईंचाही आवाज चढला होता. "आणि हे यंत्र! मूल निवांत असलं तरी नाडी खाली असते, आणि मूल हरून गप्प पडलं तरी खाली असू शकते. यंत्राला दोन्ही हिरवंच. किंचाळणं हा तिचा तक्रारअर्ज होता. तुमच्या यंत्रानं तक्रार सोडवली नाही, अर्ज घेणं बंद केलं."

मला ती बाई तिथंच आवडली.

"हुक एकदम काढायचा नाही, तीन आठवड्यांत हळूहळू उतरवू. दर आठवड्याला तिला माझ्याकडं आणा, तिच्या शब्दांत बोलू. लागलं तर औषधही देऊ. तोवर तिला एकटं सोडायचं नाही." मग त्या ऋतुजाकडं वळल्या. "बरं वाटण्याआधी काय परत येईल, ठाऊक आहे ना?"

"किंचाळणं," ऋतुजा म्हणाली.

"हो. तुमचं कामही कदाचित जाईल. विचार करून सांगा."

ऋतुजानं विचार केला नाही. "आजपासूनच उतरवा," म्हणाली.

हुकाचे तास कमी झालेले कळताच शाळेनं आम्हाला बोलावून घेतलं. मुख्याध्यापिका बाई टेबलामागं, शेजारी लाहोटी, भिंतीवर मोठ्या पडद्यावर देवूच्या सात महिन्यांच्या हिरव्या रेघा.

"आजी, डेटा खोटं बोलत नाही," लाहोटी म्हणाला.

"तो कशाला बोलेल? तो पोरीच्या नाडीबद्दल खरंच बोलतोय. पोरीबद्दल खोटं तुम्ही बोलताय. आनंदी आहे, हे कुणाला विचारून लिहिलंत?"

"ते... शांत असलं की आनंदी, असं सिस्टिम धरून चालते."

"तुझ्या कानात लाव बघू तो. तासभर बस माझ्यासमोर."

"मला गरज नाही ना, आजी."

"आणि तिला आहे, हे कुणी ठरवलं?"

"शाळेनं. पालकांनी."

"आणि तिनं?"

बाईंनी घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, "वर्गात चाळीस मुलं आहेत, प्रयागाबाई. तीन दिवस हुक पूर्ण वेळ कानात नसला तर नाव काढावं लागतं. नियम आहे."

चौथ्या दिवशी नाव काढल्याचं पत्र आलं. ऋतुजानं कोष बाजारातलं काम त्याच आठवड्यात सोडलं. दुपारच्या शेडच्या कामाला मी दोन बाया लावल्या आणि दुपारी देवूजवळ बसायला लागले, म्हणजे ऋतुजाला निदान तेवढा वेळ घराबाहेर पडता यावं. तीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या अळ्यांना दुसऱ्या कुणी पाला घातला. चांगला नाही घातला. चालायचंच.

हुक पूर्ण उतरल्यानंतर अकराव्या दिवशीची गोष्ट. दुपारचे तीन वाजले असतील. शेडच्या दारात बसून रामेश्वर कंपनीला परत द्यायचा म्हणून हुक खोक्यात भरत होता. बॅटरीत जीव उरला असावा. बोट लागलं आणि हिरवा दिवा पेटला. देवूनं तो बघितला.

सात महिन्यांचं किंचाळणं एकदम बाहेर आलं. तिनं पाल्याची पाटी फेकली, अळ्यांचा ट्रे फेकला, स्वतःचं मनगट चावलं. रामेश्वर धावला तसं ऋतुजानं त्याला हातानं अडवलं. काझीबाईंनी शिकवलं होतं, भिंतीला उशा लावायच्या, मनगटाला जाड कापड द्यायचं, अंगाला हात लावायचा नाही, जवळ राहायचं. आम्ही दोघी सांडलेल्या अळ्यांमध्ये जमिनीवर बसून राहिलो. पाऊण तास. सोपं नव्हतं ते. माझ्या मनात आलं, खरंच आपण बरोबर केलं का?

मग आवाज हुंदक्यांवर आला. देवू सरकत सरकत आईजवळ गेली. ऋतुजाच्या दंडाला तिनं चिमटा काढला. काढला आणि मान वाकडी करून तिच्या कानामागं बघितलं. पुन्हा चिमटा, पुन्हा कानामागं.

"काय बघतेस, देवू?"

"हिरवा," देवू म्हणाली. "पोरं चिमटा काढतात. लाल होतो का बघतात. हिरवाच. हसतात. परत काढतात."

शेडमध्ये अळ्या तेवढ्या सरसर खात होत्या. देवूच्या दंडावरचे निळे डाग मी अंघोळीच्या वेळी पाहिले होते. शाळेनं सांगितलं होतं, अशी मुलं स्वतःला चिमटे घेतात. आणि मी, प्रयागाबाई, ते मानलं होतं.

देवूनं तिसरा चिमटा काढला, जोरात.

"आई गं!" ऋतुजा ओरडली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. "दुखतं, देवू. मला दुखतं."

देवूचा हात थांबला. ती आईच्या तोंडाकडं बघत राहिली, सरळ, डोळ्यांत डोळे घालून, जसं तिनं फार कमी वेळा बघितलंय.

"देवूला पण," ती म्हणाली.

ऋतुजानं तिला जवळ घेतलं नाही. देवूला आवडत नाही. तिनं आपला दंड तसाच तिच्यासमोर धरून ठेवला आणि म्हणाली, "हो. देवूला पण." असं तीनदा म्हणाली. मग उठून पदर खोचला, रामेश्वरला म्हणाली, "तुम्ही हिच्यापाशी बसा," आणि खुंटीवरची स्कूटरची किल्ली काढली.

"कुठं निघालीस?" मी विचारलं.

"शाळा सुटायला तास आहे अजून. चला, आत्याबाई."

मी चपला घालेपर्यंत तिनं गाडी वळवून दारात आणली होती.